पंचेचाळीस क्रेडिट देतील, पण लागू किती पडतील?

“ताई, मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. वय ३७. नाशिकला एस.वाय.बी.एस्सी.पर्यंत शिकले, मग लग्न ठरलं, व्हिसा आला आणि तिसरं वर्ष राहूनच गेलं. इथे एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या व्हिसावर, घरीच होते. मुलगा शाळेत जायला लागल्यावर जवळच्या फर्स्ट एड स्क्वाडमध्ये, म्हणजे गावच्या अँब्युलन्स पथकात, व्हॉलंटियर म्हणून नाव दिलं. ईएमटी झाले. अँब्युलन्सवर तातडीचे उपचार करायचं स्टेटचं कार्ड आहे, या कामाची देशभराची परीक्षा घेणाऱ्या नॅशनल रजिस्ट्रीचंही आहे. सीपीआर आहे. फेमाचे, म्हणजे फेडरल आपत्ती-व्यवस्थापन खात्याचे, ऑनलाइन कोर्स तर छंद लागल्यासारखे केले, दोन डझन तरी असतील. आयडा वादळ आलं त्या रात्री शेजारच्या गावात हायस्कूलच्या जिममध्ये शेल्टर उघडलं होतं, तिथलं नोंदणीचं टेबल माझ्याकडे होतं. कोणाला इन्सुलिन लागतं, कोणाचं कुत्रं सोबत आहे, कोणाची आई व्हीलचेअरवर आहे, याच्या याद्या मी रात्रभर केल्या. पहाटे काउंटीचा माणूस आला, त्याने त्याच याद्या उचलल्या आणि पुढचं काम त्यावरूनच केलं. आता ईएडी, म्हणजे नोकरीचं परवानापत्र, हातात आलंय, डिग्री पुरी करायची आहे. एका ऑनलाइन कॉलेजमधून फोन आला होता. तो माणूस म्हणाला, या सर्टिफिकेट्सवर आम्ही ४५ क्रेडिट देऊ, पण शुक्रवारच्या आत अर्ज करा. नवरा म्हणतो नर्सिंग कर, कायमची सोय होईल. सासरे म्हणतात, सर्टिफिकेटं बघून डिग्री देणारे सगळे भामटे. खरं काय?”
— के., एडिसन

प्रिय के.,

सासऱ्यांचं आधी घेऊ, कारण त्यांची शंका अर्धी बरोबर आहे. ‘आयुष्यभराच्या अनुभवावर पदवी’ विकणारी दुकानं अमेरिकेत खरोखरच आहेत. पैसे भरा, बायोडेटा पाठवा, पंधरा दिवसांत सर्टिफिकेट घरपोच. त्यांची खूण सोपी आहे. अख्खी डिग्री अनुभवावर देतो म्हणाला की तो भामटा. खरं कॉलेज काही क्रेडिट, म्हणजे डिग्रीसाठी मोजली जाणारी अभ्यासाची एककं, देतं आणि उरलेल्यासाठी तुला वर्गात, निदान ऑनलाइन वर्गात, बसवतंच. कॉलेजला मान्यता आहे का, हे फेडरल शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर नाव टाकून पाच मिनिटांत कळतं. मान्यता कोणी दिली तेही तिथेच बघ, कारण ही मंडळी मान्यता देणारी संस्थासुद्धा स्वतःच काढतात.

उरलेली अर्धी शंका मात्र चुकीची. बाहेर शिकलेल्या गोष्टींना कॉलेजने क्रेडिट द्यायचं, ही इथली जुनी आणि सरळ पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिक कॉलेजांत यायला लागले, तेव्हा लष्करातल्या प्रशिक्षणाची किंमत कॉलेजच्या भाषेत किती, हे सांगायचं काम अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने अंगावर घेतलं. या संस्थेला सगळे ‘एस’ म्हणतात. १९७४पासून नागरी प्रशिक्षणांसाठीही ती हेच करते. प्राध्यापकांची समिती एखादा कोर्स तपासते आणि ‘एवढे क्रेडिट द्यायला हरकत नाही’ अशी शिफारस करते. ती शिफारसच असते. ऐकायची की नाही, हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. आणि सासऱ्यांना हेही सांग की आपल्याकडेसुद्धा २०२१मध्ये क्रेडिट साठवणारी बँक आली आणि २०२३च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात कौशल्य-प्रशिक्षण आणि कामाचा अनुभव क्रेडिटमध्ये मोजायची सोय झाली. तेव्हा ही काही फक्त अमेरिकेची थेरं नाहीत.

आता तुझे ४५ क्रेडिट. क्रेडिट मिळणं आणि ते डिग्रीला लागू पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फोनवरची माणसं नेहमी पहिलीबद्दलच बोलतात. मी कॉलेजात प्रौढ विद्यार्थ्यांना सल्ला द्यायचं काम करते. माझ्या टेबलावर रोज येणारा कागद म्हणजे डिग्री ऑडिट. विद्यार्थ्याने काय काय केलं आणि ते कुठल्या रकान्यात गेलं, याचा तक्ता. वर इंग्रजी, गणित, समाजशास्त्र वगैरे सगळ्यांना सक्तीचे विषय. मग मुख्य विषयाचे. मग ‘फ्री इलेक्टिव्ह’, म्हणजे काहीही चालेल असा रकाना. आणि सगळ्यात खाली, बरेच जण स्क्रोल करून बघतही नाहीत अशा जागी, ‘वापरात न आलेले क्रेडिट’. सर्टिफिकेटांवर मिळालेले क्रेडिट पहिल्यांदा जातात इलेक्टिव्हमध्ये. तो रकाना भरला की उरलेले घसरतात त्या तळाच्या यादीत. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या अधिकृत विषयवार नोंदीवर, ते असतात, मोजलेही जातात, पण डिग्री त्यांनी एका दिवसानेही जवळ येत नाही.

तुझ्या बाबतीत हे जास्त होणार, कारण तुझ्याकडे नाशिकची दोन वर्षं आहेत. बॅचलर्सला साधारण १२० क्रेडिट लागतात. समज, त्यातले २७ इलेक्टिव्हचे आहेत. तुझ्या एफ.वाय., एस.वाय.चे केमिस्ट्री, बॉटनी, मॅथ्सचे पेपर मोजून आले, तर काही सायन्सच्या सक्तीच्या जागा भरतील आणि उरलेले सरळ इलेक्टिव्हमध्ये जाऊन बसतील. मग ईएमटी आणि फेमाला जागा किती राहिली? म्हणून ‘किती क्रेडिट द्याल’ हा प्रश्नच विचारू नकोस. ‘माझ्या या डिग्रीत कुठल्या रकान्यात किती बसतील, ते लेखी द्या’ असं विचार. लेखी द्यायला शुक्रवारनंतरचा वेळ लागत असेल तर लागू दे. शुक्रवारची घाई त्यांना आहे, तुला नाही.

फाइलमधल्या प्रत्येक कागदाचं वजन सारखं नाही, हेही सांगून ठेवते. सगळ्यात वजनदार ईएमटी. दीडशे ते दोनशे तासांचं प्रशिक्षण, त्यावर नॅशनल रजिस्ट्रीची परीक्षा. आणि कित्येक काउंटी कॉलेजांत, म्हणजे स्थानिक दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांत, हाच अभ्यास सहा ते नऊ क्रेडिटचा कोर्स म्हणून शिकवला जातो. जिथे तो कोर्स आहे तिथे तुझं कार्ड त्याच्याशी जोडणं सोपं जातं. जिथे नाही, तिथे तेच कार्ड ‘सर्वसाधारण इलेक्टिव्ह’ होतं. प्रशिक्षण तू हॉस्पिटलच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये घेतलंस की कॉलेजमध्ये, हे पत्रात नाही. कॉलेजमध्ये घेतलं असशील तर आधी त्याच कॉलेजच्या रजिस्ट्रारला फोन कर. क्रेडिट कदाचित तुझ्या नावावर आधीच पडलेलं असेल आणि तुला ठाऊकही नसेल. असं होतं.

सीपीआरचं कार्ड दोन वर्षांचं असतं आणि त्यावर क्रेडिट मिळालंच तर एखादं, बहुतेक ठिकाणी काहीच नाही. त्यावर वेळ घालवू नकोस.

फेमाचं प्रकरण मजेशीर आहे. एखादं सर्टिफिकेट काढून समोर धर, समजा आयएस-१००चं. त्यावर ०.२ सीईयू असं लिहिलेलं दिसेल. सीईयू म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षण मोजायचं माप, दहा तासांना एक. तुझा तो दोन तासांचा कोर्स, म्हणून ०.२. हे कॉलेजचं क्रेडिट नव्हे, आणि चोवीस सर्टिफिकेटांचे सीईयू बेरीज करून कॉलेजला दाखवले तर रजिस्ट्रार फक्त हसून मान हलवेल. कॉलेजचं एक क्रेडिट म्हणजे साधारण पंधरा तास वर्गात आणि त्याच्या दुप्पट घरी अभ्यास. मात्र या कोर्सना कॉलेजच्या दारात नेणारी वाट आहे. मेरीलँडमधलं फ्रेडरिक कम्युनिटी कॉलेज फेमाच्या ऑनलाइन कोर्सपैकी काहींचं, फी घेऊन, कॉलेज क्रेडिटमध्ये रूपांतर करून देतं. ते तुझ्या नावावर फ्रेडरिकच्या ट्रान्सक्रिप्टवर येतं आणि तिथून दुसरीकडे ट्रान्सफर करता येतं. म्हणजे करायला मागता येतं. फेमाने तुला दिलेला स्टुडंट नंबर शोधून ठेव, तो लागेल. पण जिथे डिग्री करायची त्या कॉलेजने ‘हे आम्ही घेऊ, इतके घेऊ, या रकान्यात घेऊ’ असं लिहून दिल्याशिवाय एकही क्रेडिट विकत घेऊ नकोस. ज्यांनी उत्साहात आधी वीस विकत घेतले आणि नंतर कॉलेज शोधलं, त्यांचे ऑडिट मी बघितले आहेत. तळाची यादी भरगच्च.

आणखी एक. हे क्रेडिट ‘पास’ म्हणून येतात, ग्रेड येत नाही. जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वर-खाली होत नाही. उद्या तू कॉलेज बदललंस तर नवं कॉलेज जुन्याचा निर्णय मानेलच असंही नाही, बहुतेक ठिकाणी मूळ कागद पुन्हा मागतात आणि नव्याने ठरवतात. शिवाय १२०पैकी ठरावीक भाग, बऱ्याच ठिकाणी पाव हिस्सा, त्यांच्याकडेच शिकावा लागतो.

आता नवऱ्याचं म्हणणं. त्याच्या मनात काय आहे ते समजतं. इतकी वर्षं घर एका व्हिसावर चाललं, तेव्हा कुठल्याही राज्यात, कुठल्याही गावात नोकरी मिळेल असं काहीतरी बायकोच्या हातात असावं, असं वाटणं यात काही वाईट नाही. नर्सिंगला मागणी आहेच. पण नर्सिंगच्या वाटेवर तुझ्या फाइलचा उपयोग जवळजवळ नाही. तिथे ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग लॅबसकट, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स हे ग्रेडसकट लागतात, आणि प्रवेशासाठी त्या ग्रेडचीच चुरस असते. ईएमटीच्या ‘पास’ क्रेडिटने त्यातला एकही विषय सुटत नाही. तुझी नाशिकची केमिस्ट्रीसुद्धा सुटेल याची खात्री नाही, कारण अनेक नर्सिंग प्रोग्रॅम पाच किंवा दहा वर्षांपेक्षा जुने सायन्सचे विषय घेत नाहीत. अर्जात अनुभव म्हणून ईएमटी शोभून दिसेल, पेशंटला हात लावायची भीती मोडलेली असेल, हा फायदा खरा. पण नर्सिंग करायचं तर ‘माझे क्रेडिट वाया जातील’ हा विचार सोडून देऊन करायचं.

पॅरामेडिक, म्हणजे ईएमटीच्या वरची पायरी, हाही रस्ता आहे, त्याचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून मी करते. २०१३पासून नॅशनल रजिस्ट्रीच्या पॅरामेडिक परीक्षेला बसायचं तर मान्यताप्राप्त प्रोग्रॅममधूनच शिकावं लागतं, त्यामुळे हे प्रशिक्षण बऱ्याचदा कॉलेजशी जोडलेलं असतं आणि त्यातून दोन वर्षांची असोसिएट डिग्री निघते. न्यू जर्सीत पॅरामेडिक हॉस्पिटलच्या सेवेत असतात, स्क्वाडमध्ये नाही, हे तुला माहीतच आहे. एक मेख आहे. या राज्यात २००८पासून करार आहे की काउंटी कॉलेजची ए.ए. किंवा ए.एस. ही असोसिएट डिग्री घेऊन गेलीस, तर सरकारी चार वर्षांची कॉलेजं ती पूर्ण मोजून घेतात. पॅरामेडिकची डिग्री सहसा ए.ए.एस. असते, आणि ए.ए.एस.ला ही हमी नाही. नावात एका अक्षराचा फरक, पण पुढे वर्षभराचा फरक पडू शकतो.

इतकं सगळं लिहिलं, पण तुझं पत्र मी परत वाचलं तेव्हा एक गोष्ट खटकली. नवऱ्याला काय वाटतं ते त्यात आहे, सासऱ्यांना काय वाटतं ते आहे, फोनवरच्या अनोळखी माणसाचं मत आहे. तुला काय करायचंय, ते कुठेच नाही. आणि सगळ्या पत्रात जिथे तुझा हात मोकळा सुटला, तो मजकूर आहे आयडाच्या रात्रीचा. ईएमटी झाल्याचं तू दोन शब्दांत संपवलंस. शेल्टरच्या याद्यांवर मात्र इन्सुलिनपासून कुत्र्यापर्यंत लिहिलंस, आणि त्या याद्या काउंटीच्या माणसाने उचलल्या हेही न विसरता. शिवाय, कोणी सांगितलेलं नसताना, फेमाचे दोन डझन कोर्स! अगं, ते कोर्स छंद म्हणून कोणी करत नाही. बहुतेक लोक आयएस-१०० आणि ७०० साहेब मागे लागतो म्हणून नाक मुरडत उरकतात.

माझा अंदाज, तुझा ओढा पेशंटपेक्षा व्यवस्थेकडे आहे. संकट आल्यावर माणसं, जागा, औषधं, गाड्या यांची जुळवाजुळव करण्याकडे. इथे त्याला इमर्जन्सी मॅनेजमेंट म्हणतात, त्यात डिग्री मिळते, आणि तुझी फाइल सगळ्यात जास्त उपयोगी पडेल ती तिथेच. कारण तिथे फेमाचे कोर्स इलेक्टिव्हच्या रकान्यातून मुख्य विषयाच्या रकान्यात सरकायची शक्यता असते. अंदाज चुकला असेल तर सोडून दे, नर्सिंगच्या अर्जाला लाग, माझी हरकत नाही.

नोकरीच्या बाजूने एक कटू गोष्ट आत्ताच सांगते. फेमासारख्या फेडरल खात्यातल्या कायम नोकऱ्यांना नागरिकत्व लागतं. ईएडीवर तुला दारं उघडी असतील ती हॉस्पिटलं, विद्यापीठं, सेवाभावी संस्था आणि मोठ्या कंपन्या यांची. कंपन्यांत याच कामाला ‘बिझनेस कंटिन्युइटी’ असं गुळगुळीत नाव आहे, आणि न्यू जर्सीत औषध कंपन्यांची काही कमी नाही. स्थानिक सरकारी जागांचे नियम जागेगणिक वेगळे, जाहिरात नीट वाच.

ही वाट धरलीस तर आयडाच्या त्या रात्रीचंही क्रेडिट मिळू शकतं. त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. कॉलेजमधला एखादा कोर्स निवडायचा, समज ‘इमर्जन्सी मॅनेजमेंटची ओळख’, त्या कोर्समध्ये विद्यार्थ्याने काय शिकलं पाहिजे याची यादी घ्यायची आणि त्यातली एकेक गोष्ट मला येते, हे लिहून आणि पुरावे जोडून दाखवायचं. त्या विषयाचा प्राध्यापक तपासतो. फी लागते, पण कोर्सच्या फीपेक्षा बरीच कमी.

बरेच जण इथे आपटतात, कारण ते अनुभव लिहितात. कॉलेज शिकण्याला क्रेडिट देतं, राबण्याला नाही. ‘मी रात्रभर शेल्टरमध्ये राबले, शेकडो लोकांची सोय केली’ याला शून्य. त्याऐवजी असं लिही: दारातच एका टेबलावर सगळी नोंदणी ठेवल्यामुळे रांग कशी तुंबली, म्हणून औषधं लागणाऱ्यांना बाजूच्या टेबलावर का वळवलं. त्या टेबलावरच्या व्हॉलंटियरांची वाटणी कशी केली, आणि इन्सिडेंट कमांडच्या, म्हणजे आपत्तीत कोण कोणाच्या हाताखाली हे ठरवणाऱ्या पद्धतीच्या, सूत्राप्रमाणे एका माणसाच्या हाताखाली शक्यतो पाच जण असावेत, हे तिथे जमलं की नाही. तुझी यादी काउंटीच्या माणसाला लगेच वापरता आली, ती का? त्यात कुठले रकाने होते? कुठला रकाना नव्हता आणि त्यामुळे सकाळी काय अडलं? पुढच्या वादळात काय वेगळं करशील? मी अर्थातच टेबलाचा आणि रांगेचा प्रसंग माझ्या मनाने घातलाय, तुझा खरा जो असेल तो घाल. काय झालं, ते तसं का झालं, पुस्तकातला नियम काय सांगतो आणि प्रत्यक्षात तो कुठे वाकला, एवढं आलं की प्राध्यापक खूश. पुरावा म्हणून स्क्वाडच्या कॅप्टनचं सहीचं पत्र, त्या दिवसाचा ड्यूटी रोस्टर, प्रशिक्षणाची सर्टिफिकेटं.

पुरावा म्हणून पेशंट केअर रिपोर्ट किंवा शेल्टरची खरी यादी मात्र चुकूनही जोडू नकोस. नाव खोडून, फोटोवर काळी पट्टी ओढूनही नको. पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा हिपा कायदा १९९६चा आहे, स्क्वाडने तुझ्याकडून तो घोकून घेतला असेलच. पण आपल्या लोकांसाठी आणखी एक कारण सांगते. एडिसनमध्ये अर्ध्या कॉलवर पेशंट कोणाची तरी मावशी निघते. ‘सत्तरीच्या मराठी बाई, ओक ट्री रोडजवळ, छातीत दुखत होतं’ एवढं लिहिलं तरी मंडळाच्या पुढच्या गणपतीत चार जणांना कळेल कोण ते. प्रसंग लिहायचाच असेल तर वय, जागा, भाषा सगळं काढून टाक.

पैशांचं. तू एच-फोरवर आहेस, म्हणजे फेडरल आर्थिक मदत तुला नाही. फॉर्म भरण्यात वेळ घालवू नकोस, पण याचा अर्थ प्रत्येक क्रेडिट खिशातून जाणार, म्हणून फुकट किंवा स्वस्तात मिळणाऱ्या क्रेडिटची किंमत तुला इतरांपेक्षा जास्त आहे. काउंटी कॉलेजात स्थानिक रहिवाशाला एका क्रेडिटला साधारण दीडशे ते अडीचशे डॉलर पडतात. ईएमटीचे सात-आठ खरोखर लागू पडले तर हजाराच्या वर वाचले. शिवाय न्यू जर्सीत व्हॉलंटियर फायरफायटर आणि फर्स्ट एड स्क्वाडच्या लोकांसाठी काउंटी कॉलेजच्या फीत सवलत देणारी योजना आहे, वर्षाला ६०० डॉलरपर्यंत. तुझं टाऊन त्यात सामील आहे का आणि तुझ्या व्हिसावर ती चालते का, हे म्युनिसिपल क्लार्कला विचार. स्क्वाडच्या कॅप्टनला बहुधा ठाऊक असेल, पण या योजनेबद्दल आपणहून कोणी सांगत नाही.

ट्रेंटनला थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी आहे, तिचंही दार ठोठावून ये. १९७२मध्ये ती काढलीच नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. बाहेरची प्रशिक्षणं, परवाने, परीक्षा, परदेशातले पेपर हे सगळं मोजायची त्यांना सवय आहे. जवळच्या कनेटिकटमधलं चार्टर ओक स्टेट कॉलेजही त्याच धाटणीचं. मी यांची जाहिरात करत नाही. त्यांचा आणि काउंटी कॉलेजचा, असे दोन लेखी तक्ते समोर ठेवलेस की फोनवरच्या माणसाच्या ४५ला तू स्वतःच तोलशील. त्याला पाठवायची ईमेल अगदी छोटी असू दे: कुठल्या डिग्रीत, कुठल्या सर्टिफिकेटला किती क्रेडिट, कुठल्या रकान्यात, एकूण किती तुमच्याकडे शिकावे लागतील आणि एका क्रेडिटची फी किती. उत्तरात पुन्हा फोनच आला, तर समजायचं काय ते समज.

हे करायच्या आधी नाशिकचं काम सुरू कर, कारण सगळ्यात जास्त वेळ तेच खाणार. पुणे विद्यापीठाकडून दोन्ही वर्षांची ट्रान्सक्रिप्ट मागवावी लागतील. तुझ्या वेळचं विद्यापीठाचं नाव २०१४मध्ये बदललं, त्याने काही अडत नाही. परदेशी पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्था अनेक आहेत, पण आपल्या कॉलेजला त्यातल्या कोणत्या चालतात हे आधी विचार, आणि अहवाल ‘कोर्स-बाय-कोर्स’ मागव. नुसता ‘दोन वर्षं पदवी-शिक्षण’ असं सांगणारा स्वस्त अहवाल तुझ्या कामाचा नाही, पेपरनिहाय क्रेडिट हवेत. मार्कलिस्टच्या मूळ प्रती माहेरी कपाटात असतील तर भावाला आजच स्कॅन करायला सांग आणि मूळ प्रती कोणालाही पोस्टाने पाठवू देऊ नकोस.

आणि ते ईएमटीचं कार्ड. न्यू जर्सीचं तीन वर्षांचं असतं, नॅशनल रजिस्ट्रीचं दोन वर्षांचं, त्यामुळे दोन्हींच्या तारखा कधीच जुळत नाहीत आणि एखादी नजरेतून सुटते. बहुतेक कॉलेजं अर्जाच्या दिवशी चालू असलेलंच कार्ड धरतात. दोन्हींच्या मुदती आज बघ, रिन्यूअलचे तास कमी पडत असतील तर स्क्वाडच्या ट्रेनिंग ऑफिसरला गाठ, आणि अर्ज त्यानंतर कर.

— तुझी ताई